कांतीशेटच्या दुकानातले शास्त्रज्ञ

कांतीशेट गेल्याची बातमी मला मालेगावहून कळली नाही. मी राहतो वाशीमला; तिथून त्याचं मालेगाव, आमच्याच जिल्ह्यातलं, ते कितीसं लांब. पण बातमी आली बंगळुरूहून. रिठदची वैष्णवी तिथं संशोधन करते. फोनवर रडत म्हणाली, "सर, शेटजी गेले..." माझा शाळेपासूनचा मित्र गेला होता, आणि माझ्या मनात पहिला विचार आला, हिला माझ्याआधी कसं कळलं? दुःखही आलं, नाही असं नाही. पण मत्सराला आधीची गाडी मिळाली होती.

कांतीची मालेगावात धान्याची अडत. शाळेत गणिताच्या पेपरात तो माझं बघून लिहायचा आणि मुळात माझंच चुकलेलं असल्यामुळे आम्ही दोघं मिळून नापास व्हायचो. पुढे मी वाशीमला गणिताचाच प्राध्यापक झालो, हा विनोद त्याला मरेपर्यंत पुरला. एका दुपारी त्याच्या दुकानात बसून मी त्याच्यापुढे संगणकीय विज्ञानावर व्याख्यान झोडलं. प्रयोगशाळेत करता येत नाही ते गणितात मांडायचं आणि संगणकाकडून करून घ्यायचं. ढग कुठं सरकेल, औषध शरीरात कसं वागेल, वगैरे. मला वाटलं, गडी थक्क होईल. त्यानं विचारलं, "अन् हे करणारे पोट्टे खातात काय?" मी म्हटलं, तीच तर रड आहे, एमएस्सी, पीएचडीची कितीतरी मुलं घरच्या ओढाताणीनं अर्ध्यात सोडतात आणि मिळेल ती नोकरी धरतात. पुढच्या हंगामात त्यानं अशा मुलांसाठी फेलोशिप सुरू केली.

कल्पना माझी, हे मी अर्ध्या जिल्ह्याला ऐकवलं. फेलोशिपला माझंच नाव देणार याची इतकी खात्री, की 'नको नको, मी कोण' म्हणण्याचा आरशासमोर सराव केला. कोटही शिवला. त्यानं विचारलंच नाही. नकार द्यायची संधीसुद्धा लेकानं दिली नाही...

निवडही त्याच्या धंद्यासारखी. अडतीत पोत्यातला मूठभर माल हातावर घेऊन बघतात, तसं मुलानं दुकानात यायचं, पोत्यांच्या मधोमध बसायचं आणि आपलं काम कांतीला समजेल असं सांगायचं. तज्ज्ञ म्हणून बाजूच्या खुर्चीवर मी. वैष्णवी आली तेव्हा जमिनीखालचं पाणी कसं झिरपतं ते सांगत होती. मातीचे मनातल्या मनात बारीक चौकोन पाडायचे आणि एकेका चौकोनाचा हिशेब संगणकाला लावायचा. मी तिला मधेच थांबवून सूत्र दुरुस्त केलं आणि बराच वेळ बोललो. कांती म्हणाला, "मास्तर, दम घ्या जरा. पोरगी बोलून राह्यली." मग तिनं फार अदबीनं सांगितलं, की सरांनी दिलेलं सूत्र पाण्याचं नसून उष्णतेचं आहे. दोन हमाल खाली बघून हसले. त्यांना काय कळलं होतं, देव जाणे. माझं तोंड तेवढं दिसलं असावं.

ती गेल्यावर मी चिडून म्हणालो, तुला तरी काय समजलं त्यातलं?

"काईच नाही," तो म्हणाला. "तुमाले येते म्हणून तुमी आयकत नाही. मले येत नाही, त मले आयकाच लागते."

दिवाळीत फेलोशिपची मुलं त्याच्या दुकानी यायची. कॉलेजात जन्म घालवला मी, आणि दिवाळीत माझ्या दारी यायचा तो फक्त पोस्टमन. एकाच्या प्रबंधात आभारांत कांतीचं नाव पहिलं होतं. मी 'इतर सर्व' मध्ये होतो.

महिन्याभरापूर्वी त्याच्या मुलाचा फोन आला. फेलोशिप चालू ठेवायची आहे, यंदाची निवड काका तुमीच करा. मी गेलो; तोच कोट घालून. कांती बसायचा त्या गादीवर पांढरी चादर अंथरलेली. मुलगा म्हणाला, काका, वर बसा. या जागेवर किती वर्षं माझा डोळा होता, माझं मला ठाऊक. पण पाय उचलला नाही... गादीपुढच्या खुर्चीवरच बसलो.

कामरगावचा एक पोरगा आला होता. मागच्या दिवाळीत तो मित्रांबरोबर येऊन कांतीला भेटून गेला होता. माझ्याकडे बघून त्यानं बोलायला सुरुवात केली, मी तज्ज्ञासारखी मान हलवली आणि त्याचं घोडं अडलं. मी आतल्या आत जीभ चावून धरली. थोड्या वेळानं त्याची नजर माझ्यावरून सरकून गादीकडे गेली आणि तो बोलू लागला. घडाघडा, आपल्या वऱ्हाडीत, जणू समोर कोणी ऐकत बसलंय. रिकाम्या गादीवर जळणारा वाशीम जिल्ह्यात मी एकटाच असेन.

मी खुर्ची जरा बाजूला ओढून घेतली. माझ्या डोक्यामुळे त्याला गादी नीट दिसत नव्हती.