गुंडाळलेली लिफ्ट

ग्रंथालयातल्या कलमबाईंना मुलाखतीला उशीर झाला तो माझ्यामुळे. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीला व्हीलचेअरसाठी उतार केलाय. तिथे छान सावली असते, म्हणून मी त्यावर स्कूटर आडवी लावली आणि चहाला गेलो. परत येतो तर बाई व्हीलचेअरवर खाली उन्हात, घड्याळाकडे बघत.

"सर, डॉक्टरेट झाली, पण गाडी लावायचं शिकायचं राहिलं वाटतं!"

मी ओशाळून स्कूटर ओढली.

बाई एकवीस वर्षं तळमजल्यावर पुस्तकांच्या नोंदी करतायत. अपंगांच्या हक्कांचा कायदा कलमांसकट तोंडपाठ, म्हणून हे नाव. आज त्यांची मुख्य ग्रंथपालपदाची मुलाखत होती, दुसऱ्या मजल्यावर. गैरहजर राहिल्या की खुर्ची कुलसचिवांच्या मेहुण्याला. तो तासभर आधीच वर जाऊन बसला होता.

लिफ्ट होती की! नवीकोरी, प्लॅस्टिकात गुंडाळलेली, कुलूपबंद. तपासणी समितीला दाखवेपर्यंत कोणी वापरायची नाही, असं परिपत्रक होतं. बोटांचे ठसे उमटतात म्हणे! हे परिपत्रक काढणाऱ्या महाभागाच्या मेंदूवरचंही प्लॅस्टिक अजून निघालं नसावं.

कुलसचिव जिना उतरले. चेहऱ्यावर करुणेचा जाड थर. "चार शिपाई बोलावलेत, अलगद उचलून नेतील. घरच्यासारखंच समजा."

"घरी मला कोणी कपाटासारखं उचलत नाही. लिफ्ट उघडा, नाहीतर मुलाखत खाली घ्या. दोन्ही जमत नसेल तर तसं लिहून द्या."

'लिहून' म्हटल्यावर साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. तोंडाने दयेचे डोंगर रचणारी ही जमात कोरा कागद दिसला की शेपूट घालते. दहा मिनिटांत पाच तज्ज्ञ कुरकुरत खाली आले आणि विद्यार्थ्यांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले.

"जिने फार हो इथे," त्यांतले एक धापा टाकत म्हणाले. लाज नावाची वस्तू बहुधा वरच विसरले होते.

मेहुण्यानेही खाली येऊन अकलेचे तारे तोडले. पुस्तकं रंगांप्रमाणे लावली तर बरी दिसतील, म्हणाला. संध्याकाळी फलकावर बाईंचं नाव लागलं. भाच्यापुतण्यांच्या त्या राज्यात मलाही खरं वाटेना.

मी धावत अभिनंदनाला गेलो. भारावून म्हणालो, "बाई, तुमच्याकडे बघून केवढी प्रेरणा मिळते!"

त्यांनी बंद लिफ्टबद्दलची कुलसचिवांविरुद्धची तक्रार माझ्यापुढे सरकवली.

"प्रेरणा घरी न्या, सर, इथे साक्षीदार म्हणून सही करा."