सत्कार आधी, मतदान नंतर

अल ऐनमधल्या आमच्या भारतीय शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालकांचा एक प्रतिनिधी निवडून जात असे. नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. या निवडणुकीत पक्ष नव्हते, फलक नव्हते. अर्जात नाव आणि मुलाची इयत्ता लिहायची, एका कुटुंबाला एक मत. तरीही कोणाला किती मतं पडणार हे जो तो केरळ, तमिळनाडू, गुजरात असंच मोजून सांगे, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे.

त्या वर्षी आमच्या महाराष्ट्र मंडळातून एक फोरमन उभे राहिले. मूळचे रत्नागिरीकडचे, सनाइयात, म्हणजे गावाबाहेरच्या गॅरेजांच्या वस्तीत, गॅरेजमागच्या दोन खोल्यांत राहत. शाळेची बस तिकडे जात नव्हती. दुसरीतल्या मुलीला आणायला ते रोज दुपारी काम टाकून येत, आणि मालकाने आता शेवटचं बजावलं होतं. बस मिळाली नाही तर बायको आणि मुलगी सुट्टीत गावी परत जाणार, हे ठरलेलं होतं.

"समितीवर जाऊन मला दुसरं काही करायचं नाही," ते मला म्हणाले होते. "एक स्टॉप वाढवायचाय, साहेब."

मंडळाच्या अध्यक्षांना मात्र हे फारच छोटं वाटलं. मराठी माणूस प्रथमच उभा राहतोय, तेव्हा त्याचा सत्कार झाला पाहिजे.

"निवडून आल्यावर करू ना," मी म्हणालो.

"तेव्हा सगळेच करतात. आधी केला की वजन पडतं."

मतदान शुक्रवारी सकाळी होतं. अध्यक्षांच्या व्हिलात साडेनऊला सत्कार, मग सगळ्या गाड्या रांगेने शाळेत, असा बेत ठरला. एकेकट्याने जाऊन मत टाकायचं नाही, एकजूट दिसली पाहिजे. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. असल्या समारंभांची मी एरवी खाजगीत भरपूर चेष्टा करतो, पण माइक दिला तर नाही म्हणत नाही.

प्रमुख पाहुणे अबूधाबीहून सव्वादहाला पोचले. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय. शाल पांघरून फोरमन ताठ बसले होते. पाहुणे शिवकालीन शिक्षणव्यवस्थेवर बोलू लागले, तेव्हा ते माझ्याकडे झुकले.

"किती वाजले, साहेब?"

"अकराला दहा कमी."

"साडेअकराला बंद होतं ना?"

"होईल हो. संपतच आलंय."

संपत आलं नव्हतं. मध्येच थांबवलं असतं तर पाहुणे रागावले असते, एवढंच. मी थांबवलं नाही. फोरमनना उठून जाता आलं असतं, पण ज्याचा सत्कार आहे त्याने उठायचं कसं? आभारप्रदर्शनात सतरंजी देणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावं झाली आणि गाड्यांची रांग शाळेपाशी पोचली तेव्हा बारा वाजत आले होते. जुम्म्याच्या नमाजाआधी मतदान संपवायचं, हे परिपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं. ते आमच्या फ्रिजवर आठवडाभर लावलेलं होतं.

"खलास, साब," फाटकावरचा पठाण म्हणाला. "वोट खलास."

अध्यक्ष पुढे झाले. "मैं प्रेसिडेंट हूँ."

"किसका?" पठाणाने अगदी मनापासून विचारलं.

फोरमन अकरा मतांनी पडले. आमच्या गाड्यांतून सव्वीस कुटुंबं आली होती. फोरमनना पडलेली मतं सनाइयातल्या तमिळ वेल्डरांची, पंजाबी ट्रकवाल्यांची, ज्यांची मुलंही बसविना होती त्यांची. निवडून आली ती एक केरळी नर्स. तिकडे चर्चही शुक्रवारच्या सुट्टीलाच भरे; तिचे मतदार सकाळी तिथे जाता जाता मत टाकून गेले होते.

"माझं स्वतःचंही राहिलं," फोरमन म्हणाले. कोणाला दोष दिला नाही. अध्यक्ष मात्र गाडीत वेळापत्रकाच्या अन्यायावर बोलत होते.

दुसऱ्या दिवशी फोरमन एकटेच इस्पितळात त्या नर्सला भेटायला गेले. तिने सगळं ऐकून घेतलं, बसचा विषय पहिल्या बैठकीत मांडते म्हणाली. पण बैठक दोन महिन्यांनी होती.

मी त्यांना सांगितलं, मुलीला मी सोडतो. माझं ऑफिस दोनला सुटे. तोवर ती माझ्या मुलाबरोबर शाळेच्या लायब्ररीत बसेल. ते म्हणाले, "तुम्हाला रस्ता माहीत नाही."

नव्हताच. चार वर्षं माझी गाडी ते आमच्या दारी येऊन दुरुस्त करत होते. त्यांच्या घरी मी कधी गेलो नव्हतो.

"अंकल, नेक्स्ट राउंडअबाउट, लेफ्ट," मुलीने मागून सांगितलं.

तिची आई दारात उभी होती. मागे भिंतीशी भरलेली बॅग.

"तुम्ही रोज येणार, भावजी?"

"बस सुरू होईपर्यंत."

"आणि नाही झाली तर?"

"तरी येईन."

त्यांनी मान हलवली आणि चहा टाकायला आत गेल्या. बस सुरू व्हायला पाच महिने लागले. ती बॅग तोवर तिथेच होती. रोज मुलीला उतरवताना मला दिसे.