सासऱ्यांची मिशी आणि माझा हक्क

मी काढलेला बैल इतका जिवंत होता, की मलकापुरात तो छापलेलं पोतं दुकानाबाहेर ठेवलं की खऱ्या गाई वळून बघत. एका गाईनं तर घरी जायलाच नकार दिला. खोटं वाटत असेल तर त्या गाईला विचारा.

सरकीच्या ढेपेच्या, म्हणजे गुरांच्या पेंडीच्या, पोत्यावर छापायला एका व्यापाऱ्यानं तो माझ्याकडून घेतला. भुवई चढलेली, डावी मिशी आभाळाकडे, उजवी जमिनीकडे, नाकाच्या शेंड्यावर चामखीळ. आम्हा डिझाइनवाल्यांत छपाईसोबत मूळ फाईलही पेनड्राइव्हवर देऊन टाकायची रीत आहे; नाही दिली तर गिऱ्हाईक वर्षभर तोंड फिरवतं. मी दिली. वर पेढाही खाल्ला. सहा महिन्यांत माझा बैल मेहकरपासून सोनाळ्यापर्यंत पाच व्यापाऱ्यांच्या पोत्यांवर उभा! एकानं तर त्याला गॉगल घातला.

गॉगल बघून माझं डोकं फिरलं. बुलढाण्याच्या वकीलबाईंकडे गेलो.

"हक्क कुणाला लिहून दिलेला नाही ना? मग चित्र तुमचंच," त्या म्हणाल्या. "कॉपीराइटची नोंदणी करू, सगळ्यांना नोटिसा धाडू. फक्त आधी तुम्हीच काढलं याचा पुरावा आणा. पहिलं कच्चं चित्र आहे?"

होतं. तिथंच अडकलो. ते एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीनं काढलेलं होतं आणि खाली माझ्याच अक्षरात, तारखेसकट लिहिलेलं: 'मामाजी, जेवण झाल्यावर.'

मामाजी म्हणजे माझे सासरे.

त्याच आठवड्यात ते सोनाळ्याहून रिकामं पोतं घेऊन माझ्या दुकानात आले. ते त्यांनी टेबलावर असं आपटलं, की स्टेशनात गाडी दोन मिनिटं जास्त थांबली.

"जवाईबुवा, हा कोन हाय?"

"बैल दिसतो, मामाजी."

"मी हाय हा! अख्खं गाव मले 'या, ढेपवाले' म्हून राह्यलं. तुमची सासू पोतं पाहून पदर सावरते!"

"योगायोग असेल..."

"चामखिळीसगट? चेहरा माहा, त्याच्यावर हक्क माहा. तुमी याच धंद्यातले. काढनाराले धुंडा अन् अर्ज लिहा. सापडू द्या, औताले जुंपतो त्याले!"

मी लिहायला बसलो. माझ्याच विरुद्धचा अर्ज, माझ्याच सुबक अक्षरात. टेबलाच्या खणात, त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, ती पत्रिका. बाहेर काढली तर बैल माझा, पण औतही माझंच. नाही काढली तर उद्या सहावा व्यापारी त्याला फेटा बांधणार.

"काढनाऱ्याचं नाव काऊन कोरं ठेवलं?"

"अजून सापडला नाही."

त्यांनी पोतं उजेडाकडे धरलं. बराच वेळ बैलाच्या मिशीवर बोट फिरवलं.

"चोट्टा हाय," ते हळूच म्हणाले, "पन हात लय चांगला हाय त्याचा."

लग्नाला बारा वर्षं झाली. माझ्या कामाबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द. आणि तोही मला माझा म्हणता येईना.

आता ते दर सोमवारी तपास कुठवर आला ते बघायला येतात. मी खणाला पोट टेकवून बसतो. नेमका तेव्हाच वकीलबाईंचा फोन येतो, पुरावा मिळाला का म्हणून.

"शोधतोय," मी सांगतो.

समोर सासरे समाधानानं मान डोलावतात. "धुंडा, धुंडा. सोडू नका त्याले."