रस्त्याकडे तोंड

"आधी गाडीचं तोंड रस्त्याकडं कर, मग नमस्कार-चमत्कार," ती म्हणायची.

सभा असो, बारसं असो, पोचल्या पोचल्या ती स्कूटर वळवून लावणार. पळायची वेळ आली तर वळवत बसायला नको. तिच्या मामेबहिणीच्या लग्नातही मांडवाबाहेर तिचं हेच चाललेलं. मामाच म्हणाला, "लग्नाला आलीस का दरोड्याला गं?" ती हसली, पण गाडी वळवलीच.

आम्ही दोघी कर्जत-खालापूरच्या बातम्या करायचो. पेपर वेगळे, स्कूटर एकच, तिची. निवडणूक लागली की बाई खुर्चीला टेकायची नाही. मंडपाच्या कडेला उभी, किल्ली मुठीत, पाय सारखा हलतोय. मला म्हणायची, "तू लिही. आपल्याकडं कोण बघतंय ते मी बघते."

साजगावच्या चौकसभेत तिने मोबाइलवर व्हिडिओ घेत उमेदवाराला कारखान्यातल्या नोकऱ्यांचं विचारलं. त्याचंच मागचं आश्वासन, साधा प्रश्न. साहेब हसले, त्यांची पोरं हसली नाहीत. सभा संपताच त्यांनी आम्हाला घेरलं.

"मॅडम, तो व्हिडिओ उडवा."

"उडवते रं. आधी तुझं नाव सांग, बातमीत घालते."

नाव सांगावं की नाही या विचारात तो पडला, तोवर आम्ही खोपोलीच्या रस्त्याला लागलो होतो. मला हसू आवरेना. ती मात्र आरशात मागे बघत होती.

व्हिडिओ गाजला. मग तिचा फोटो आणि नंबर कुठल्याशा ग्रुपवर पडला. फोनवर लोक काय काय बोलायचे ते मी इथे लिहिणार नाही. ती नंबर ब्लॉक करायची आणि कामाला लागायची. तिचे पेपरवाले म्हणाले, "सांभाळून जा." अरे, सांभाळून म्हणजे कसं जायचं, ते तरी सांगा! अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

एका दुपारी ती कामावर असताना दोघे जण भिसेगावला तिच्या घरी आले. आईच्या पाया पडले, चहा प्यायले. निघताना त्यांनी विचारलं, "ताई घरी कवा येतात? एकट्याच येतात ना?"

"लई चांगली पोरं होती गं," आई आम्हाला कौतुकाने सांगत होती.

ती पोलिसांत तक्रार द्यायला गेली. "चहा प्यायले, त्याचा काय गुन्हा नोंदवायचा?" असं उत्तर मिळालं. बाहेर येऊन ती मला म्हणाली, "सभेतनं निघता येतं गं. घरातनं कुठं निघू? आईला कुठं ठेवू?"

तिने काम सोडलं.

आता पुन्हा निवडणूक लागलीय. परवा माझ्या नव्या स्कूटरवरून सभेला जाताना तिच्याकडे गेले, म्हटलं एकदा विचारून तर बघू. अंगणात तिची स्कूटर होती, तोंड भिंतीकडे, सीटवर गोधडी वाळत टाकलेली. मला राहवेना. गोधडी बाजूला करून मी गाडी मागे ओढायला लागले.

"राहू दे गं," ती दारातून म्हणाली. "मला कुठं जायचंय?"

मग मान लांब करून तिने फाटकाबाहेरच्या माझ्या गाडीकडे बघितलं.

"तुझी नीट लावलीस ना?"