गिटारीच्या पोटातला जिल्हा

मी लिहावं असं काही माझ्याकडे आहे का, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मला लिहिण्याची सवय आहे ती प्रयोगवहीची, म्हणजे साहित्य, कृती, निष्कर्ष अशी. तेव्हा जाणत्यांनी सांभाळून घ्यावं. मला फक्त एका निष्कर्षाबद्दल लिहायचं आहे.

तात्या म्हणजे माझे चुलते. तरुणपणी ते सिकंदराबादला एका बंगल्यावर माळी होते. तिथला साहेब बदलीवर जाताना त्यांना आपली गिटार देऊन गेला. अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा कुणी गिटार पाहिलेली नव्हती. जयंतीच्या गायन पार्टीत पेटी-ढोलकीबरोबर तात्या ती वाजवायचे आणि गायचे. बहात्तरच्या दुष्काळात गिटार नांदेडला विकली गेली आणि तात्या खडी फोडायला गेले. तिथून पुढं ते गायले नाहीत. कुणी फारच आग्रह केला तर म्हणायचे, "गळाबी तिच्यासंगं इकला म्या."

मी नांदेडला बी.एस्सी.ला असताना जुन्या बाजारात एक काळी गिटार दिसली. तारांखाली तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं नि चुंबक, म्हणजे पिकअप, बसवलेलं होतं. कडेला वायर खुपसायचं भोक होतं. म्हणजे नुसतीही वाजेल आणि आवाज वाढवायच्या मशीनला जोडून भोंग्यावरही. एप्रिलात जयंतीला गावी जाताना मी ती एसटीत मांडीवर घेऊन गेलो.

तात्यांनी ती हातात घेतली आणि बराच वेळ वाजवलीच नाही. डाव्या हाताचा अंगठा मानेच्या मागं वरखाली फिरवत राहिले. मग उलटी करून पाठीवर तळवा फिरवला. पाठ आरशासारखी काळी, गुळगुळीत.

"माझीच हाय ही," ते म्हणाले. "मान तीच हाय. अंगठा जाऊन बसतो बघ जागेवर. पर पाठीवर चक्र होतं. सळई तापवून म्या सोता डागल्यालं. ते दिसंना झालंय."

"तात्या, नांदेडात अशा लई असत्यात," भोंगेवाला म्हणाला. तो आमच्या भावकीतलाच, अहमदपुरात मंडप-लाऊडस्पीकरचं काम करायचा.

"बायको वळखायला येळ लागंल मला, ही न्हाई," तात्या म्हणाले. काकू आतून म्हणाली, "ऐकायलेय मी!" मग म्हणाली, "पर गाता का मग आज?"

"माझी असंल तर गातो की."

हे त्यांनी हसत म्हटलं, पण दुपारी दाढी करून आले. आईनं ते मला हळूच दाखवलं.

समाजमंदिरात मशीनला वायर जोडली तर भोंग्यातून नुसती घरघर.

"तात्या, गिटार हाय का पिठाची गिरनी? दळन आनू का?" भोंगेवाला म्हणाला.

तारांना हात लावला की घरघर कमी व्हायची. म्हणजे अर्थिंग नीट नव्हतं. भिंतीलगत अर्थिंगचा पाइप पुरलेला होता, पण त्या साली जमीनच इतकी आटली होती की पाइपाभोवतीची माती भुकटी झालेली. पाणी आणि मीठ घालायला हवं, असं मी बोलून गेलो. गावाला टँकर यायचा. जमिनीत पाणी घाला म्हणायचं तोंड कुणाला होतं?

तात्या उठून गेले. सकाळी घमेल्यात बसून अंघोळ केलेलं पाणी त्यांनी जनावरासाठी ठेवलं होतं. ते घागरीत भरून आणलं आणि मीठ टाकून पाइपाच्या बुडाशी हळूहळू ओतलं. घरघर थांबली. भोंगेवाल्यानं टाळी वाजवली.

मग आवाज वाढवला की शिट्टी यायला लागली. भोंग्याचा आवाज गिटारीच्या पोकळीत घुमून परत मशीनमध्ये जात होता. पोटात कापड कोंबलं की थांबेल, हे मला माहीत होतं. तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून दिला. वेटोळ्याची वायर तुटू नये म्हणून मी आधी आत बॅटरी मारून बघितलं.

आत कागदाचं लेबल चिकटवलेलं होतं. वरचं दुकानाचं नाव कसरीनं खाल्लेलं. खालची ओळ शाबूत होती: लातूर, जि. लातूर.

आता हे सांगायला हवं की त्या काळात आम्हा विद्यार्थ्यांची नजर कागदावर आधी जिल्ह्यावर जायची. लातूर वेगळा जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जि. उस्मानाबाद, जातीच्या दाखल्यावर जि. लातूर. तेवढ्यावरून कॉलेजच्या कारकुनानं मला दोनदा परत पाठवलं होतं. कुठला कागद कधीचा, हे मी जिल्ह्यावरून क्षणात सांगायचो. मित्रांच्या कागदांचंही सांगायचो. त्याचा मला अभिमान होता.

"तात्या," मी म्हणालो, "ही तुमची न्हाई."

"कशावरून?"

"आत जिल्हा लातूर लिवलंय. तुमी इकली तवा लातूर जिल्हाच नव्हता. ही नंतर बनल्याली हाय."

भोंगेवाल्यानं वाकून लेबल वाचलं आणि मान हलवली. तात्यांना वाचता यायचं नाही. त्यांनी गिटारीकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

"तू शिकल्याला हाईस," ते म्हणाले. "तू म्हनतूस तर नसंल."

त्यांनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "दुसऱ्याची हाय मग. तू वाजीव."

त्या संध्याकाळी मी होस्टेलवर शिकलेल्या तीन-चार सुरावटी वाजवल्या. आवाज स्वच्छ येत होता. तात्या मागं भिंतीला टेकून बसले होते, दाढी केलेला चेहरा घेऊन. टॉवेल गिटारीतच राहिला होता आणि ते घाम हातानंच पुसत होते.

लातूर आमच्या गावाहून एका एसटीवर होतं. लेबल घेऊन तिथं विचारायला जाता आलं असतं. मला तशी गरजच वाटली नाही. निष्कर्ष निघाला होता.

पुढं गिटारीला हात लावावासा वाटेना, म्हणून होस्टेलवरच्या खोलीतल्या मित्राला ती देऊन टाकली. तो नायगावकडचा. तात्या दिवाळीच्या आधी गेले. आजारी आहेत एवढंच मला कळवलं होतं, परीक्षा बुडू नये म्हणून. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. काकू म्हणाली, शेवटी शेवटी ते अंगठा गोधडीच्या काठावर वरखाली फिरवत होते. तिला वाटलं, गोधडी टोचते, म्हणून तिनं बदलली.

मला वाटतं, तोवर मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं की लेबल कोण चिकटवतो. बनवणाराच चिकटवतो, असं मी धरून चाललो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात मित्र सुट्टीहून परत आला. मी नांदेडच्या स्टँडवर त्याला घ्यायला गेलो होतो. चहा घेता घेता तो म्हणाला, "अरे, तुझी गिटार पत्र्याच्या खोलीत उन्हानं तापली आणि पाठीवरचं काळं पॉलिश पापुद्र्यानं सुटलं. खाली सुताराची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलेलं होतं, तीबी निघाली. त्या लातूरवाल्यानं पिकअप बसवताना जुनी गिटारच नवी करून दिली असणार बघ. आणि पाठीवर काय निघालं माहीत हाय का? चक्र. कुणीतरी सळई तापवून डागल्यालं. तुमच्याकडचं कुणाचं व्हतं का रे?"