कार्डावरचा मासा

"अफेजिया," डॉक्टर म्हणाले. मला ते औषधाचं नाव वाटलं. मेंदूज्वराने प्रणालीच्या मेंदूतला भाषेचा भाग दुखावला होता. तिला ऐकू येत होतं, समजही होती, पण शब्द सापडत नव्हते. वर्गात बडबडीबद्दल रोज ओरडा खाणारी माझी आठ वर्षांची लेक आता नुसती बघायची.

"परत बोलेल ना?"

"काही शब्द येतील. किती, ते आज सांगता येणार नाही."

नवीन पनवेलला स्पीच थेरपी सुरू झाली, म्हणजे बोलणं पुन्हा शिकवणं. आठवड्यातून दोनदा जायचो. बाहेर बाकावर इतरांची मुलं रडताना तरी "मम्मी" म्हणायची. मला त्या आयांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

थेरपिस्ट मॅडम चित्रांची कार्डं दाखवायच्या. मासा, पाणी, घर. घरी मी तीच घोकून घ्यायचे. आम्ही आगरी, पण शिकलेल्या माणसांत आपली बोली काढायची मला लाज. घरात सगळ्यांना दटावलं होतं, पोरीसमोर शुद्धच बोलायचं. सासूबाईंना ते जमेना. मग त्यांनी तिच्याशी बोलणंच सोडलं. तीन महिने गेले, शब्द एक नाही.

एकदा सासूबाई सोबत आल्या. माशाचं कार्ड बघून त्यांना राहवेना. "पोरी, म्हावरा हाय ना गो यो?"

मी डोळे वटारले. तेवढ्यात प्रणालीचे ओठ हलले. "म्हा... म्हाव..."

सासूबाई पदरात तोंड घालून रडल्या. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "आजारपणाआधी घरी ती कसं बोलायची?"

"आगरीत. आम्ही सगळे बोलतो तशीच," मी खाली मान घालून सांगितलं.

"मग तसंच बोला. तिचे स्वतःचे शब्द तिला आधी सापडू द्या."

आता वर्ष होईल. म्हावरा, पानी, नाय, असे मोजकेच शब्द आलेत. शाळा अजून लांबच. ज्यांच्या घरी हे दुखणं येईल त्यांना एवढंच सांगते, मुलाशी परक्यासारखं बोलू नका. माझ्या सासूबाईंचे उपकार मी फेडू शकणार नाही.

त्यांना ती "आजे" म्हणते. मला अजून हाक नाही. आजारी पडेपर्यंत मी तिची "आये" होते, आणि ते तीन महिने मी तिच्यापुढे बसून "आई म्हण, आई" असा तगादा लावला होता. आता तगादा नाही. रोज संध्याकाळी तिचे केस विंचरताना म्हणते, "आये हाय गो, हितंच हाय," आणि थांबते.