स्टिअरिंगमधलं खोबरेल

आमचे बाबा मुंबईला एका शेठजींकडे ड्रायव्हर होते. निवृत्त झाले तेव्हा शेठजींनी आपली जुनी अमेरिकन गाडी त्यांना देऊन टाकली. ती मालवणजवळच्या आमच्या अंगणात उभी राहिली आणि तुळशीभोवती फिरायला जागा उरली नाही. आई म्हणाली, "ह्यो हत्ती पोसतलो कोण?" सिंधुदुर्ग जिल्हा होऊन तेव्हा दोन-चार वर्षं झाली होती, आणि मी मालवणच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते.

त्याच पावसाळ्यात बाबांच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, डावा हात लुळा राहिला. आणि हत्तीच कामी आला. त्याचे गिअर आपोआप पडत, शिवाय त्याला पॉवर स्टिअरिंग होतं. एक पंप तेलाच्या दाबाने चाकं वळवायला मदत करायचा, त्यामुळे एवढं धूड बाबा एका हाताने वळवत. एरवी शर्टाची बटणं आई लावायची, माशाचे काटे मी काढून द्यायची. गाडीत बसले की मात्र ते कुणाचे मिंधे नसत. मला शाळेत सोडायला निघाले की त्यांची मान ताठ व्हायची.

मग पंप गळायला लागला. अंगणात रोज तेलाचं थारोळं. नवा पंप मुंबईतही मिळेना, जुन्या बाजारातला परवडेना. वेंगुर्ल्याचा एक काजूवाला वरातींसाठी गाडी विकत मागतच होता. आईने धोशा लावला, "इकून टाका. हात एक आणि मिजास केवढी!" बाबा उठून गाडीपाशी जात. मला आईचा भयंकर राग यायचा.

तरी गाडी चालत राहिली. "मी बघतंय तेचा," एवढंच बाबा म्हणत. त्याच सुमारास स्वयंपाकघरातलं खोबरेल झपाट्याने संपू लागलं आणि बोलणी मी खाल्ली. "केसांका किती थापतंस गो? मासे तळूचे आसत काय डोक्यार?"

डिसेंबरातल्या एका गार सकाळी आम्ही शाळेला निघालो. खाडीकडच्या पहिल्याच वळणावर स्टिअरिंग दगडासारखं घट्ट झालं. बाबा एका हाताने त्याला लोंबकळत होते. मी घाबरून मध्ये हात घातला, त्यांनी ब्रेक दाबला, आणि गाडी रस्त्याकडेच्या जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्याला टेकून थांबली. बाबा माझ्याकडे बघेनात.

त्यांचा एक बालमित्र मासेमारीच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचा. गाडी कशीबशी अंगणात आणल्यावर त्याने पंपाचं झाकण उघडलं, आत बोट घालून वास घेतला आणि पोट धरून हसत सुटला. आत पांढरंशुभ्र खोबरेल थिजलं होतं.

"मेल्या, गाडयेक न्हाऊक घालतंस काय?"

"तेल ता तेल," बाबा पुटपुटले. "घरचा होता."

आई दारात उभी होती. आता ही तोफ डागणार, असं मला वाटलं. पण ती वळून आत गेली.

दोघा मित्रांनी खोबरेल काढलं, पंप बाहेरून रॉकेलने पुसून कोरडा केला आणि तात्पुरतं लाँचीचं पातळ तेल घालून, इंजिन चालू करून टक लावून बसले. पंप ठणठणीत होता. त्याच्याकडे तेल परत आणणारा रबरी नळा टोकाशी चिरला होता. लाँचीच्या डिझेलच्या नळ्याचा तुकडा कापून तिथे बसवला, दोन क्लिपा आवळल्या, योग्य तेल गोव्याहून मागवलं. खर्च एका आठवडी बाजाराएवढा.

स्टिअरिंग बोटाने फिरू लागलं. पण बाबा गाडीत बसेनात. आज तिथी बरी नाही, उद्या बघू. रोज गाडी पुसायचे आणि घरात यायचे. नळा बदलला तरी भीती कुठे बदलते? मी समजावलं, चिडले, काही उपयोग नाही. एका संध्याकाळी तेच म्हणाले, "काजूवाल्याक सांगा, घेवन जा म्हणान."

रविवारी सकाळी आई ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात ओटीचं तबक घेऊन बाहेर आली. बाबांच्या आजारपणानंतर ती त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. सरळ पुढचं दार उघडून बसली.

"इकूची ती मागाहून इका. आदी माका वालावलाक न्हेवा. लक्ष्मीनारायणाक नवस बोललंय, तो फेडूचो आसा."

"एष्टीन जा," बाबा म्हणाले.

"माका एष्टी लागता."

आई जन्मभर एष्टीतूनच फिरली होती. बाबा चावी आणायला आत गेले. मी मागे बसले, आईचा चेहरा दिसेल अशी.

खाडीच्या वळणावर गाडी सुळकन वळली. बाबा कितीतरी दिवसांनी मोकळं हसले.

"बघलंस?" त्यांनी विचारलं.

आईने डोळे गच्च मिटून घेतले होते. तबकातला नारळ दोन्ही हातांनी धरला होता.

"बघलंय," ती म्हणाली.